पावणेदहाच्या प्लॅटफॉर्मवरून परत

चिलटांबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे नेटवर सगळ्यांनी लिहिलेलं असतं, पण मी ग्लेनफिनन सर्च केलं की फक्त त्या हॅरी पॉटरच्या सिनेमातल्या पुलाचे फोटो बघायचे, खालचं कधी वाचायचेच नाही. जूनमधली सकाळ, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि स्कॉटलंडमधल्या एका टेकडीवर आम्ही शंभरेक जण उभे, सगळे एकाच तालात कान, मान, कपाळ खाजवतोय आणि तरी कोणी आपली जागा सोडायला तयार नाही, कारण पावणेअकराच्या सुमारास खालच्या पुलावरून वाफेची गाडी जाणार. माझ्या शेजारी माझा नवरा. त्याने आठपैकी एकही सिनेमा धड बघितलेला नाही. दोन बघताना झोपला, बाकीच्यांना बसलाच नाही.

"सिरीज संपली कधी?"
"२०११."
"मग आता कसला निरोप घ्यायला आलोय आपण?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी चिलटं मारत बसले.

खरं सांगायचं तर माझं त्या शेवटाशी भांडण होतं. हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा आला २००१ मध्ये, तेव्हा मी अकरा वर्षांची आणि गोष्टीतला हॅरीपण अकराचाच. शेवटचा आला जुलै २०११ मध्ये, तेव्हा मी कॉलेज संपवून बसलेली. म्हणजे अख्खं शाळा-कॉलेज ह्या पोरांबरोबर काढलेलं, आणि शेवटी काय, तर मोठी लढाई झाली, धूळ खाली बसली, आणि पडद्यावर आलं की १९ वर्षांनंतर. मग लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन, तेच तिघं मित्र, हॅरी, रॉन आणि हर्मायनी, पण आईबाप झालेले, पोरांना जादूच्या शाळेच्या गाडीत बसवायला आलेले, रॉनला ढेरी, आणि अख्खं थिएटर फिस्सकन हसलं. मीपण हसले. आणि मग एकदम राग आला, की अरे इतकी माणसं गेली, इतकं सगळं झालं, आणि तुम्ही आम्हाला ढेरी दाखवून घरी पाठवताय? बाहेर पडल्यावर मैत्रिणीशी रिक्षा मिळेपर्यंत एक शब्द बोलले नाही. नंतर बाकीचे भाग कितीतरी वेळा बघितले, पण ती शेवटची चार-पाच मिनिटं आली की बंद करायचे. आता माझं वय जवळजवळ त्या स्टेशनवरच्या हॅरीएवढं झालं, छत्तीस, तेव्हा म्हटलं एकदा जाऊन यावं. कारण म्हणून इतकंच, जास्त खोल काही नाही.

तर ग्लेनफिनन. आम्ही फोर्ट विल्यमहून सकाळच्या साध्या गाडीने आलो. ती गाडीपण त्याच पुलावरून येते, पण पुलावर असताना पूल दिसत नाही ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती, वळणावर खिडकीला नाक लावलं तेव्हा पुढच्या डब्याखालच्या दोन-तीन कमानी दिसल्या आणि संपलं. स्टेशनपासून परत पुलाच्या दिशेने चालत यावं लागतं, झाडीतून चढ-उतार, मैलभर असेल. वाफेच्या गाडीचं तिकीट मिळालं नव्हतं, ते लोक फार आधीपासून काढून ठेवतात.

आणि इथे एक घोळ झाला, तो म्हणजे नवऱ्याला पूल आवडला. तो स्ट्रक्चरल इंजिनियर आहे हे मी विसरलेच होते. मी गाडीची वाट बघतेय आणि तो सांगतोय की हा पूर्ण मास काँक्रीटचा आहे, आत सळ्याच नाहीत, २१ कमानी, उंची शंभर फूट, बांधायला घेतला १८९७ मध्ये आणि लाइन चालू झाली १९०१ मध्ये, आणि ज्या कंत्राटदाराने बांधला त्या रॉबर्ट मॅकअल्पाइनला लोक काँक्रीट बॉबच म्हणायचे. "सळईशिवाय, कळतंय का तुला? आणि वर वळणात आहे." मला कळत नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं की दुसऱ्या भागात ती निळी गाडी ह्याच पुलाच्या बाजूने उडते आणि मागून इंजिन येतं.

मग त्याने घोड्याची गोष्ट सांगितली. पूल बांधताना एक घोडा गाडीसकट पोकळ खांबात पडला आणि तिथेच राहिला, अशी तिकडची जुनी दंतकथा, आणि सगळे म्हणायचे की तो ह्याच पुलात आहे. १९८७ मध्ये रोलंड पॅक्स्टन नावाच्या प्राध्यापकांनी ह्या पुलाच्या खांबांत भोकातून कॅमेरा घालून बघितलं, काहीच नाही. पण त्यांनी नाद सोडला नाही. शेवटी २००१ मध्ये ह्याच लाइनवर पुढे समुद्राच्या बाजूला लॉख नान ऊआव म्हणून एक पूल आहे, त्याच्या खांबात घोडा आणि गाडी दोन्ही सापडले. घोडा होता, फक्त लोक चुकीच्या पुलात शोधत होते.

"चौदा वर्षं एक माणूस घोडा शोधत होता," नवरा म्हणाला, "त्यामानाने तू ठीक आहेस."

गाडी आली. आधी आवाज आला, मग झाडांच्या मागून वाफ, मग ती वळणावर आली आणि सगळे एकदम गप्प झाले, चिलटंसुद्धा विसरले. बघायला सुंदरच, त्यात वाद नाही. पण इंजिन काळं. डबे लालसर आणि इंजिन काळं. मला माहीत होतं की सिनेमातलं लाल इंजिन ह्या लाइनवर धावत नाही, तरी पोटात काहीतरी खट्टू झालं. व्हिडिओ काढून लेकीला पाठवला, ती सहा वर्षांची, आम्ही दहा दिवस तिला आजीकडे ठेवून आलेलो, पहिल्यांदाच. तिचा व्हॉइस मेसेज आला: "आई, तू लाल गाडी बघायला गेलीस ना? ही तर काळी आहे."

निघताना चहा घेतला, त्याच्या सुट्ट्या पैशांत दहा पौंडांची बँक ऑफ स्कॉटलंडची नोट आली आणि नवऱ्याने ती उलटी करून दाखवली, मागे हाच पूल! मी ती वेगळ्या कप्प्यात ठेवली.

रात्री फोर्ट विल्यमहून लंडनची गाडी. केबिन परवडत नव्हती म्हणून बसायची सीट घेतलेली, आणि सीटवाल्यांना मध्यरात्री एडिनबरोला डबा बदलावा लागतो. झोपेत बॅगा ओढत एका डब्यातून दुसऱ्यात जाताना मी आणि नवरा एकमेकांशी जे बोललो ते इथे लिहीत नाही. सकाळी लंडनच्या यूस्टन स्टेशनवर उतरलो. दुकानात पाणी घेऊन ती पुलाची नोट दिली, तर काउंटरवरच्या बाईंनी उजेडात धरून परत केली, इथे घेत नाही म्हणाल्या. इंग्लंडमध्ये ह्या नोटा चालतात, पण दुकानदाराने घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हटलं बरंच झालं, राहिली आपल्याकडे.

यूस्टन ते किंग्ज क्रॉस चालत पंधरा मिनिटं. आणि ह्याची गंमत अशी की लेखिकेने, जे. के. रोलिंगने, स्वतःच नंतर सांगितलं होतं की जादूच्या शाळेची गाडी सुटते तो ९ आणि १० च्या मधला पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म लिहिताना तिच्या डोळ्यासमोर यूस्टन होतं, नाव मात्र किंग्ज क्रॉसचं टाकलं. किंग्ज क्रॉसला ९ आणि १० च्या मधे भिंतच नाही तशी, म्हणून सिनेमात ४ आणि ५ च्या मधला भाग वापरला. आणि सिनेमात बाहेरून जी देखणी लाल इमारत दिसते ती शेजारच्या सेंट पॅन्क्रसची. म्हणजे पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म नेमका कुठे, तर कुठेच नाही. (आपल्याला पावणेदहा म्हणताना काहीच जादू वाटत नाही, ती दुधाची किंवा बातम्यांची वेळ वाटते, हा आपला तोटा.)

तिथे आता स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये भिंतीत अर्धी घुसलेली ट्रॉली आहे आणि तिच्यापुढे रांग. आपला नंबर आला की हवा तो मफलर गळ्यात घालायचा, ट्रॉली धरून उडी मारायची, एक जण मागून मफलरचं टोक हवेत उडवतो, फोटो. माझ्यापुढे पन्नाशीचे एक गृहस्थ होते, कडक इस्त्रीचा सूट, हातात ऑफिसची बॅग, एकटेच. मी म्हटलं मुलांसाठी रांग धरून उभे असतील. नंबर आला तसे त्यांनी बॅग खाली ठेवली, हफलपफचा, म्हणजे त्या शाळेतल्या चार गटांपैकी एकाचा, पिवळा मफलर मागितला, फोन तिथल्या मुलीला दिला, आणि अशी उडी मारली की बूट चांगला फूटभर वर. फोटो नीट बघितला, मफलर घडी घालून परत दिला, बॅग उचलली आणि घड्याळ बघत खऱ्या प्लॅटफॉर्मकडे जवळजवळ पळतच गेले. आता विचाराल तर किंग्ज क्रॉसमधलं मला एवढंच स्पष्ट आठवतंय. माझा फोटो आला, बरा आलाय, पण आत काहीच हललं नाही. नवऱ्याने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." पण झालं नव्हतं.

दुपारी परत यूस्टनहून वॉटफर्ड जंक्शन, वीसेक मिनिटं, तिथून बस लीव्हजडनला. हे आधी विमानतळ होतं, विमानांचा कारखाना होता, मग स्टुडिओ झाला आणि दहा वर्षं हे सिनेमे तिथे बनले. २०१२ पासून लोकांना बघायला उघडलाय. तिकीट आधी काढूनच जावं लागतं, दारात मिळत नाही.

सगळं सांगत बसले तर ब्लॉग संपायचा नाही. सिनेमातल्या शाळेच्या मोठ्या हॉलची फरशी खऱ्या दगडाची आहे, नवरा तिथे चक्क वाकून हात लावून आला. मुख्याध्यापक डंबलडोरच्या खोलीतली ती भारदस्त पुस्तकं म्हणजे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, वरून चामडं चढवलेल्या. हे वाचल्यावर मी आधी खूप हसले आणि मग तिथेच उभं राहून रिकाम्या खुर्चीकडे बघताना गप्प झाले, आधीचे डंबलडोर रिचर्ड हॅरिस गेले, नंतरचे मायकेल गॅम्बन गेले, खाली तळघराच्या सेटवर मास्तर झालेले ॲलन रिकमन नाहीत, दारात हॅग्रिड नाही, मॅगी स्मिथ नाहीत. कपडे तेवढे उभे आहेत सगळ्यांचे, आत माणूस नसलेले.

आणि मग कोपरा वळलं की ती. लाल. ५९७२ नंबरचं इंजिन, १९३७ साली बनलेलं, खरंखुरं, नुसता सांगाडा नाही. बाजूला प्लॅटफॉर्म, त्यावर ट्रॉल्या, पेट्या, अधूनमधून सोडलेला धूर. इथे मला एक गोष्ट आठवली जी मला वर्षानुवर्षं माहीत होती पण कधी जोडलीच नव्हती. शेवटचा तो प्रसंग त्यांनी आधी किंग्ज क्रॉसला शूट केला, मग डिसेंबर २०१० मध्ये परत केला, आणि तो परत केला इथे, लीव्हजडनला, सेट लावून. आपण जो बघितला तो बराचसा हा. म्हणजे सकाळी मी तासभर रांगेत उभी राहिले ती चुकीच्या स्टेशनवर.

"घोडा," नवरा म्हणाला. मी त्याला कोपराने ढोसलं.

पण इंजिनसमोर उभं राहिल्यावर ते दृश्य डोळ्यासमोर आलं, आणि ढेरी आलीच नाही. आला तो हॅरी, पोराला भीती वाटतेय म्हणून त्या गर्दीत खाली उकिडवा बसलेला, पोराच्या डोळ्याच्या उंचीला येऊन हळू बोलणारा. हे तिथे होतंच की, २०११ मध्ये पण होतं, मला दिसलं नव्हतं. आणि आजीच्या दारात आठवड्यापूर्वी मी तस्सं बसले होते, लेकीच्या समोर, गुडघ्यातून कट्ट आवाज आला तर ती आणि मी दोघी हसलो, मग ती म्हणाली तू खरंच परत येणारेस ना, आणि मी म्हटलं दहाच दिवस. रिक्षा वळेपर्यंत ती फाटक धरून उभी होती. तिथे सिनेमात आईबाप मागे राहतात आणि पोरं जातात, आमच्याकडे उलटं झालं, पण बसायची पद्धत तीच. एकविशीतली पोरं सदतिशीची ढेरी लावून उभी होती आणि मी एकविशीची प्रेक्षक, दोन्ही बाजूंना कोणालाच ते वय माहीत नव्हतं, मग हसणार नाही तर काय करणार.

मी बराच वेळ तिथे थांबले. धुराचं एक चक्कर संपलं, दुसरं झालं. नवरा काही बोलला नाही, तो चाकं बघत होता.

शेवटी शाळेच्या किल्ल्याचं ते मॉडेल, खऱ्याच्या चोवीसावा भाग, तरी पन्नास फूट पसरलेलं, दिवे मंद होतात, रात्र होते, परत दिवस होतो, संगीत चालू. लोक रडत होते आजूबाजूला. मी नाही रडले, माझं रडून झालेलं इंजिनापाशी. त्यानंतर एक खोली, भिंतभर जादूच्या छडीच्या खोक्या, हजारो, आणि प्रत्येकीवर सिनेमात काम केलेल्या एकेका माणसाचं नाव. सगळे हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफची खोकी शोधत होते, नवरा सुतारांची शोधत होता.

घरी आल्यावर लेकीला लाल इंजिनाचा फोटो दाखवला, ती म्हणाली हां, ही बरोबर आहे. मग पुलाची नोट दाखवली आणि बापाने तिला घोड्याची गोष्ट सांगून टाकली. रविवारी मी जरा दबकतच विचारलं, लावायचा का पहिला सिनेमा, आता तू मोठी झालीस. ती नोट हातात घेऊन एकेक कमान बोटाने मोजत होती.

"आधी सांग, घोडा कितव्या खांबात आहे?"

"ह्या पुलात नाहीये गं," नवरा आतून ओरडला, "पुढच्या."