टॅन्डम सेल उजेडात का रुसतो

टॅन्डम सेल म्हणजे सिलिकॉनवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा दुसरा थर बसवलेला सौर सेल. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे उजेड शोषायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट). त्याच्यावर बसणाऱ्या पेरोव्स्काइटचा साधारण १.६८ लागतो, म्हणून आयोडाइडमध्ये ब्रोमाइड मिसळावं लागतं. भांडण तिथेच आहे. उजेडात हे दोघे फुटून निघतात, आयोडाइडची बेटं तयार होतात आणि व्होल्टेज घसरतं. २०१५ साली होक आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. अंधारात बेटं पुन्हा विरतात, त्यामुळे रात्रभर विसावलेला सेल सकाळी मोजला की अगदी साळसूद.

उपाय: ब्रोमाइड कमी, सीझियम जास्त. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक कृती सीझियम २२ टक्के, ब्रोमाइड १५ टक्के आणि वर ३ मोल टक्के मिथिलअमोनियम लेड क्लोराइड अशी आहे, बँडगॅप १.६७. आधी ही करून बघा, पॅसिव्हेशनची (दोष झाकणारी) रसायनं मग.

तपासणी फोटोल्युमिनसन्सने, म्हणजे उजेड पाडल्यावर फिल्म स्वतः जो प्रकाश टाकते तो मोजून. १.६८ ईव्हीचं शिखर ७३८ नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. एक सूर्याच्या (भर उन्हाइतक्या) उजेडात, ओपन सर्किटवर (करंट बाहेर न काढता), दर मिनिटाला स्पेक्ट्रम घ्या. ७८०च्या बाजूला खांदा (शिखराला लागून उंचवटा) उगवू लागला की मिश्रण फुटतंय. ओपन सर्किट मुद्दाम, कारण तिथे चार्ज साठतो आणि दोष लवकर उघडा पडतो. आयुष्याचा आकडा मात्र कमाल पॉवरवर चालवूनच काढा.

सगळ्यात जास्त फसवतो तो दिवा. नुसत्या पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतं, खालचं सिलिकॉन उपाशी राहतं. दोन्ही थर एकामागे एक जोडलेले, म्हणून करंट तेच अडवतं, आणि वरचा थर नकळत ओपन सर्किटजवळ ताटकळतो. मग चांगली फिल्मही वाईट ठरते. जोडीला ९४० नॅनोमीटरचे एलईडी लावा आणि दोन्ही थरांचा करंट जुळवा. शिवाय सिलिकॉनच करंट अडवणारं राहिलं, तर वरच्या थराच्या करंटची झीज बराच काळ लपते. तेही बरं नाही.

तापमान? २५ अंशांवरची चाचणी बडोद्यात कुचकामी. मे महिन्यात गच्चीवर हवाच ४२ अंशांवर जाते, पॅनेल ६५ सहज ओलांडतं. ६५ आणि ८५, दोन्हींवर घ्या.

गरम झालं की आयोडीन निसटून चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत जातं आणि ती खातं. सी६० (कार्बनचा थर) वर एएलडीने, म्हणजे अणूंचे थर एकेक करून चढवण्याच्या पद्धतीने, सुमारे २० नॅनोमीटर टिन ऑक्साइड टाका. लॅमिनेशनला ईव्हीए (पॅनेल चिकटवायचं नेहमीचं प्लॅस्टिक) नको, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. पॉलिओलेफिन घ्या, दोन्ही बाजूंना काच, कडेला ब्युटिल रबर. पावसाळ्यात पाणी शिरतं ते कडेनेच, नाहीतर वायर बाहेर येते त्या जागेतून.