पॅलॅडियमचा पिंजरा टिकत का नाही?

सुरुवातीला सोपा लिगँड (धातूच्या आयनाला पकडणारा रेणू) घ्यावा: बेंझिनच्या १ आणि ३ जागांवर अल्काइनच्या (कार्बनच्या तिहेरी बंधाच्या) दोन भुजा, प्रत्येक भुजेच्या टोकाला ३-पायरिडिल, म्हणजे एक नायट्रोजन असलेलं वलय. रेणूभार २८०.३. दोन्ही नायट्रोजनची तोंडं एकाच दिशेला असल्यामुळे असे चार लिगँड आणि पॅलॅडियमचे दोन आयन मिळून पोकळ पिंजरा बांधतात. लिगँडचा कोन रुंद केला तर पिंजराही फुगतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ माकोतो फुजिता यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं होतं की १२७ अंशांच्या लिगँडमधून १२ पॅलॅडियमचा गोल बनतो आणि १४९ अंशांच्या लिगँडमधून २४ पॅलॅडियमचा.

लिगँड ५.६ मिलिग्रॅम, म्हणजे २० मायक्रोमोल, ०.८ मिली ड्युटेरेटेड डीएमएसओमध्ये (एनएमआर तपासणीला चालणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये) विरघळवा. पॅलॅडियमचा अॅसिटोनायट्राइल-टेट्राफ्लुओरोबोरेट क्षार लागतो फक्त ४.४ मिलिग्रॅम. तो थेट तोलू नका, ०.१ मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तरी प्रमाण दोन टक्क्यांनी बिघडतं. २२.२ मिलिग्रॅम क्षाराचं १ मिली स्टॉक (मोजून केलेलं तयार द्रावण) करून त्यातले २०० मायक्रोलिटर घाला आणि ५० अंशांवर तासभर ठेवा. स्टॉक त्याच दिवशी संपवा.

पॅलॅडियम-पायरिडिन बंध सतत सुटतो आणि पुन्हा जुळतो. म्हणूनच चुकीची जोडणी आपोआप दुरुस्त होते, आणि त्याच सुटलेल्या क्षणी क्लोराइड आत शिरून जागा अडवतं. पिंजरे मोडण्यामागे बहुतेक वेळा क्लोराइडच असतं, आणि ते येतं लिगँडमधूनच! लिगँडच्या भुजा जोडणाऱ्या सोनोगाशिरा अभिक्रियेतला ट्रायएथिलअमाइनचा क्षार नीट धुतला जात नाही. एनएमआरमध्ये (रेणूतले प्रोटॉन दाखवणाऱ्या तपासणीत) इथिलचे बारीक पीक दिसले तरी ‘चालतंय की’ म्हणून सोडले जातात. चालत नाही. थोडा लिगँड गरम डिस्टिल्ड पाण्यात हलवून गाळा, गाळलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढुरकी झाक आली तर लिगँड डायक्लोरोमिथेनमध्ये घेऊन आधी सौम्य अमोनियाने धुवा, त्यात उरलेलं तांबंही निघतं, मग तीनदा पाण्याने. अमोनिया मागे राहिला तर तोही पॅलॅडियमला चिकटतो, तेव्हा शेवटी व्हॅक्यूमखाली पूर्ण सुकवा.

पिंजरा झाला की पायरिडिनमधले नायट्रोजनशेजारचे प्रोटॉन एनएमआरमध्ये ०.५ ते १ पीपीएम डाउनफील्ड (जास्त पीपीएमकडे) सरकतात आणि पिंजऱ्याच्या सगळ्या पीकांना डोझीमध्ये (रेणू किती वेगाने पसरतो ते मोजणाऱ्या एनएमआरमध्ये) एकच विसरण गुणांक मिळतो. मास स्पेक्ट्रममध्ये (वस्तुमान भागिले विद्युतभार दाखवणाऱ्या आलेखात) ३३३.५ (चार भार), ४७३.७ (तीन भार) आणि ७५३.९ (दोन भार) शोधा. समस्थानिकांच्या रेषांतलं अंतर अनुक्रमे ०.२५, ०.३३ आणि ०.५ हवं. नुसता आकडा जुळला म्हणून समाधान मानू नये. द्रावण काळपट झालं तर धातूरूप पॅलॅडियम सुटलंय, बारीक ग्लास-फायबरमधून गाळा.

स्फटिकांसाठी अॅसिटोनायट्राइलच्या द्रावणात डायएथिल इथरची वाफ सोडतात. पण इथर ३४.६ अंशांना उकळतो आणि कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा त्याच्या वर जातो. वाफ घाईने शिरते आणि स्फटिकांऐवजी पावडर पडते. या दिवसांत व्हायल एसी असलेल्या खोलीत ठेवा, घरगुती फ्रिजमध्ये इथर मुळीच नको, ठिणगीने पेट घेतो. पावसाळ्यात वेगळीच चिंता: डेसिकेटरमधली (वस्तू कोरड्या ठेवण्याच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका बघता बघता गुलाबी होते, आणि पॅलॅडियमचा क्षार तिच्याआधीच ओल धरतो.

स्फटिक आले तरी द्रावणाबाहेर काढू नका. पोकळीतलं सॉल्व्हंट उडालं की ते तडकतात. क्ष-किरण यंत्रापर्यंत व्हायल द्रावणासकटच न्या.