ओली माती, वाळलेली माती

माती परीक्षणात हाताला एक सवय जडते. नमुना आला की सावलीत वाळवायचा, कुटायचा, २ मिमीच्या चाळणीतून गाळायचा. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जमिनीचा तो नमुनाही मी असाच उरकला. रंग काळाभोर, सेंद्रिय कर्ब भरपूर, चिकणमाती अगदी थोडी, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतं. ‘हलकी, वाळूसर जमीन, स्फुरद वाढवा’ असा शेरा मारून मोकळा झालो.

दोन हंगामांनी तो नमुना देणारे शेतकरी परत आले. खत दुप्पट झालं होतं, पानं मात्र स्फुरद कमी पडल्यासारखी जांभळटच. या वेळी माती त्यांनी ओलीच, पिशवीत बांधून आणली होती. बोलता बोलता मी एक ढेकूळ बोटांत चोळलं. घट्ट वाटणारं ते ढेकूळ दाबताच पाणी सुटून साबणासारखं बुळबुळीत झालं. मी गप्पच झालो. वाळूसर माती अशी वागत नाही.

लगेच सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात थोडी माती ढवळली. फ्लोराइड ॲल्युमिनियमला जाऊन चिकटतं आणि तिथले हायड्रॉक्सिल बाहेर पडतात, म्हणून सामू (पीएच) चढतो. दोन मिनिटांत आकडा ९.४ च्या वर! (चुनखडी असती तर हा आकडा फसवा ठरला असता; ती नव्हती.) मग ५ ग्रॅम माती स्फुरदाच्या २५ मिली द्रावणात रात्रभर, १६ तास हलवत ठेवली. सकाळी पाहतो तर ८५ टक्क्यांहून जास्त स्फुरद मातीने गिळलेलं.

हा ॲलोफेनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेतून बनणाऱ्या खनिजाचा प्रताप. नॅनोमीटरमध्ये मोजावेत इतके बारीक पोकळ गोळे. त्यांच्या पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम फॉस्फेटला, म्हणजे खतातल्या स्फुरदाला, घट्ट धरतं. माती वाळली की हेच कण एकमेकांना चिकटतात, पुन्हा भिजवूनही नीट सुटत नाहीत. माझ्या चाचणीने त्या गुठळ्या वाळूत मोजल्या होत्या.

“मग टाकलेलं खत गेलं कुठे?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याच जमिनीत आहे. मुळांना मिळत नाही, एवढंच.”

जुना शेरा त्यांच्यासमोरच खोडला. स्फुरद शेतभर न विस्कटता कंपोस्टसोबत ओळीत, मुळांजवळ द्यायचं ठरलं. पालाशची (पोटॅशियमची) गोष्ट उलटी: सामू कमी असला की त्याला धरून ठेवणारा या मातीवरचा ऋणभार घटतो आणि पालाश पावसाबरोबर खाली वाहून जातं, म्हणून ते हप्त्याहप्त्याने. चुना थोडाच सुचवला, आणि पुढचा नमुना ओलाच आणायला सांगितलं.