कलिंगडाची फोड

अमेरिकेत नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या कार्यालयाने एका बागेत जेवण ठेवले होते. वाढण्याचे काम माझ्याकडे होते. कलिंगडाची एक मोठी फोड ताटलीत ठेवून मी ती एका कृष्णवर्णीय सहकाऱ्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. आजूबाजूला कोण बघत आहे याचा अंदाज घेतला आणि "नको, धन्यवाद" म्हणून पाण्याची बाटली उघडली. सगळे निघून गेल्यावर टेबले आवरताना मात्र त्यांनी तीच फोड उभ्याउभ्या, अगदी पांढऱ्या सालीपर्यंत खाल्ली. मी काही विचारले नव्हते. गोऱ्या माणसांदेखत कलिंगड खायचे नाही, असे आईने लहानपणीच बजावल्याचे त्यांनी आपणहून सांगितले.

त्या ताकिदीमागचा इतिहास मी नंतर वाचला. १८६५मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी रद्द झाली आणि दक्षिणेतील अनेक मुक्त कुटुंबांनी कलिंगडे पिकवून बाजारात विकली. आपल्या कष्टाचा पैसा आपल्याच हाती राहणे, हेच त्यांचे स्वातंत्र्य होते. ज्यांना ते खुपले, त्यांनी त्या फळालाच आळस, पोरकटपणा आणि अस्वच्छतेची खूण करून टाकले, आणि व्यंगचित्रांतून व पोस्टकार्डांतून ती खूण घरोघरी पोहोचवली. तळलेल्या कोंबडीचेही तेच झाले. व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल स्थानकावर कृष्णवर्णीय स्त्रिया गाडीतल्या प्रवाशांना ती विकत आणि त्यावर घर चालवत. पुढे तीच कोंबडी त्यांच्या समाजाच्या टिंगलीचे साधन झाली.

माझ्या डब्याच्या वासावरून मीही शेरे ऐकले आहेत आणि ते मला लागले आहेत. पण त्या दुखण्याची याच्याशी तुलना करणे मला योग्य वाटत नाही. माझा डबा निदान इतरांना अनोळखी होता. कलिंगड त्या दिवशी प्रत्येकाच्याच ताटलीत होते, तरी एकाच माणसाला ते खाण्याआधी चारी बाजूंना बघावे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मी फोडी कापून सगळ्यांच्या हाताशी येतील अशा टेबलावर मांडून ठेवल्या आणि कुणापुढेही ताटली धरली नाही. त्यांनी फोड घेतली की नाही, हे मी मुद्दामच पाहिले नाही.