बेळगावला लोकेच्छा, मग उचगावला का नको?

सीमाप्रश्नावर कोल्हापुरात सभा झाली की भाषणं अस्मितेवर होतात. अस्मितेपोटी माणूस एखाद्या मोर्चाला येईल. पण तीन पिढ्या 'आम्हाला तिकडं राहायचं नाही' म्हणून अडून बसतो, ते सरकारी कागदामुळं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. चंदगड तालुका तेवढा वगळला आणि तो कोल्हापूरला जोडला. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शेतकऱ्याच्या हातात आज कन्नड उतारा पडतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा उतरला की अजून तसाच आहे, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. वास्तविक १५ टक्के किंवा जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाचे नियम-सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, हे देशपातळीवर कधीच ठरलंय. पाळतंय कोण?

सांगली जिल्ह्यातल्या जतचं उलटं. तिथल्या कन्नड भाषिक गावांनी २०१२ ला कर्नाटकात जायचा ठराव केला, पाण्यासाठी. म्हैसाळ योजनेचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. २०२२ ला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी तो ठराव उकरून काढला आणि मुंबईत विस्तारित म्हैसाळची फाईल पळायला लागली.

अर्थात गावाच्या ठरावानं राज्याची हद्द हलत नाही. घटनेच्या कलम ३ प्रमाणं तो अधिकार संसदेचा, तोही साध्या बहुमताचा. राष्ट्रपती विधेयक संबंधित विधानसभेकडं मतासाठी धाडतात, पण ते मत बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेनं विरोध केला, तरी २ जून २०१४ ला तेलंगण झालंच. महाराष्ट्र २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. आपली मागणी चार कसोट्यांची: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा.

शेवटची कसोटी कोल्हापूरकर स्वतःच्या दारात विसरतात. १९७२ ला महापालिका झाली, त्यानंतरची पन्नास वर्षं हद्दवाढ झाली नाही, कारण उचगाव, पाचगाव, कळंबा यांसारखी शहरालगतची गावं नको म्हणतात. त्यांचा हिशेब सरळ आहे: घरफाळा वाढणार, शेतावर आरक्षण पडणार, ग्रामपंचायत जाणार आणि दिवाबत्तीच्या तक्रारीला सरपंचाऐवजी वॉर्ड ऑफिस गाठावं लागणार. आधीच हद्दीत असलेल्या उपनगरांतल्या गटारी ते बोट करून दाखवतात. शहरवाले त्याला आडमुठेपणा म्हणतात. २०१७ ला ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण नेमून मधली वाट काढली, तर आता बांधकाम परवान्याला गावकऱ्याचे हेलपाटे शहरातच.