दुखणं उतरलं, अंगठा तसाच

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस परळ-लालबागमध्ये कंबरदुखीचा हंगाम असतो. कारखान्यात उकिडवं बसून रंग मारणारे, मूर्ती उचलून देणारे आणि त्या पोचवणारे टेम्पोवाले. यातले बरेच जण दुखणं विसर्जनापर्यंत रेटतात. आधीच माझ्या क्लिनिकमध्ये येतात ते अगदी टेकीला आलेले.

तसेच एक काका. पन्नाशीचे, मूळ सोलापूरकडचे, स्वतःचा छोटा हत्ती चालवणारे. उजवीकडे कलून, भिंत धरत आत आले. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "बसायला सांगू नका मॅडम. बसलो की कळ सरळ पायात उतरते." डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून, पार अंगठ्यापर्यंत. मागणी ठरलेलीच होती: "त्या सुया टोचा. रात्री मूर्ती कांदिवलीला न्यायचीय."

सोबत आलेल्या भाच्याला बाहेर बसवून मी आधी विचारलं, लघवी अडते का? बसायच्या जागी, जांघेत बधिर वाटतं का? भाच्यासमोर कुणी मामा याचं खरं उत्तर देणार नाही. 'हो' आलं असतं तर सुई नाही, व्यायाम नाही, सरळ हॉस्पिटल. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेला असेल तर तासांचा हिशेब असतो. तसं काही नव्हतं. रक्त पातळ करायची गोळीही चालू नव्हती.

उताणं झोपवून डावा पाय सरळ उचलला. तीस अंशांवरच ओरडले. मग अंगठे. "माझ्या बोटाच्या विरुद्ध वर खेचून धरा." उजवा मला हलवता येईना, डावा एका बोटाने खाली गेला. अंगठा वर उचलायची ताकद देते ती कमरेची पाचवी नस. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बहुतेक वेळा हिलाच त्रास देते. हे कागदावर लिहिलं, त्यांनाही सांगितलं. पण कळा मारत असलेल्या माणसाला अंगठ्याचं काय पडलंय?

मी फिजिओथेरपिस्ट, ॲक्युपंक्चर नंतर शिकले. प्रत्येक सायटिकाला, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या अशा कळेला, मी सुया लावत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी ॲक्युपंक्चर देऊच नका, असं सांगितलं. २०२४ मध्ये चीनमधल्या एका चाचणीत गादीमुळे जुनाट सायटिका झालेल्यांना नकली सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी जास्त आराम पडला. दोन्ही ध्यानात ठेवून मी ठरवते. व्यायाम द्यायचा तर माणसाला आधी पालथं तरी पडता यायला हवं. हे काका कुशीवरसुद्धा धड टिकत नव्हते.

उजव्या कुशीवर घेतलं, डावा गुडघा पोटाशी, मधे उशी. खुब्याचं हाड चाचपायचं, मग माकडहाडाच्या वरची खोबण. दोन्ही जोडणाऱ्या रेषेचा बाहेरचा तिसरा हिस्सा ही जागा. इथे मांस जाड, म्हणून सुई तीन इंची. भाचा नेमका तेव्हाच डोकावला आणि तसाच परत गेला. जाडी खरं तर ०.३० मिलिमीटर, पण लांबी बघूनच लोकांच्या तोंडचं पाणी पळतं. खोल जाताना मासा गळाला लागावा तशी एका क्षणी स्नायूची पकड हाताला कळते. पायात करंट गेला तर थांबून सुई मागे घ्यायची, नसेच्या मागे लागायचं नाही. आणखी दोन सुया, गुडघ्याच्या मागे आणि त्याच्या खाली बाहेरच्या अंगाला.

पडल्या पडल्या काका बोलायला लागले. "हे आमच्या कोटणीसांनी आणलं ना?" सोलापूरचा माणूस हे विचारतोच. सोलापूरचेच डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते सर्जन म्हणून, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी. काकांना हे फारसं पटलं नाही.

सुया काढल्यावर पाय साठ अंशांपर्यंत गेला. काका उठून बसले, आपण बसलोय हे लक्षात येऊन हसले, आणि खिशातून टेम्पोची किल्ली काढली.

"थांबा. टाचांवर चालून दाखवा."

उजवा चवडा वर राहिला. डावा दुसऱ्याच पावलाला फट्‌कन लादीवर आपटला.

"दुखत नाहीये पण!"

"क्लच दाबाल तुम्ही. त्यावरून पाय उचलणार कशाने? लालबागच्या पुलाच्या चढाला, मागे मूर्ती, आणि चवडा पेडलखाली अडकला तर?" शिवाय स्टिअरिंगमागे पाय लांब करून बसलं की नस तशीच ताणली जाते, जशी मी पाय उचलून ताणली होती. कळ होती तोवर ती त्यांना थांबवत तरी होती. आता तीही मी उतरवली होती.

"वर्षाची कमाई या पंधरा दिवसांत होते मॅडम." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. भाच्याकडे लायसन्स होतं. त्याने हात पुढे केला, "द्या मामा." काकांनी किल्ली दिली, पण गाडी कशी रिव्हर्स घ्यायची ते क्लिनिकच्या दारापर्यंत सांगत गेले.

मी मणक्याच्या सर्जनना चिठ्ठी दिली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्यामधलीच गादी निघाली. सर्जननी लगेच ऑपरेशन न करता अंगठ्यावर नजर ठेवायला सांगितलं. ताकद आणखी घसरली तर थांबायचं नाही. पुढे सुया थोड्याच लागल्या. पालथं पडून छाती उचलणं, नस सैल करायचे व्यायाम, खुर्चीवर बसून चवडे उचलणं हेच जास्त चाललं. बायको मोजायला बसायची, म्हणून नेमाने झालं. दिवाळीत त्यांचा अंगठा खाली ढकलायला मला दोन बोटं लागली.

काका मात्र सगळ्या टेम्पो स्टँडवर सांगतात की मॅडमच्या सुयांनी बरं वाटलं. त्यांनी पाठवलेले लोक आल्या आल्या टेबलावर पालथे पडतात. मी त्यांना उठवून आधी टाचांवर चालायला लावते, तेव्हा ते जरा नाराजच होतात.