गाडी डीलरकडे, टोल माझ्या खात्यातून

वॅगनआर विकायची होती. ओळखीत गिऱ्हाईक मिळेना, म्हणून सोलापुरातल्याच एका डीलरकडे लावली. विकली की कमिशन कापून पैसे देणार, असं ठरलं. त्यानं कोऱ्या 29-30 फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सह्या घेतल्या, किल्ली घेतली, चहा पाजला. पावती म्हणाल, तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे गाडीचा नंबर!

नवव्या दिवशी सकाळी टोल कापल्याचा मेसेज आला. पुण्याच्या रस्त्यावरचा सावळेश्वर टोलनाका. काहीतरी चूक असेल म्हणेपर्यंत वरवडे, मग सरडेवाडी, मग पाटस. फोन केला तर, "गाडी इथंच उभी आहे की ओ सर!" जाऊन बघतो तर जागा रिकामी. मग म्हणे, "वॉशिंगला गेलीय." धुवायला पुण्याला?

पुढचे सहा दिवस नुसते हेलपाटे. मालक बाहेरगावी, किल्ली पोराकडे, फॉर्म कपाटात आणि कपाटाची चावी घरी. गाडी हातात आली तेव्हा मीटर 519 किलोमीटर पुढे गेलेलं. देताना डॅशबोर्डचा फोटो काढला होता म्हणून भांडता तरी आलं. तुम्हीही काढा. सह्या केलेले फॉर्म मी तिथंच फाडले.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्रमाणपत्र लागतं, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं! दुसऱ्या डीलरकडे आधी तेच मागितलं. फॉर्म 29बी म्हणतात त्याला. पाच वर्षांचं असतं, तारीख बघून घ्या. गाडी ताब्यात देताना 29सी, म्हणजे गाडी डीलरकडे दिल्याचं आरटीओला कळवायचा फॉर्म, ऑनलाइन भरायचा. तिथून पुढं कायद्यानं मालक डीलर, जबाबदारीही त्याची. आधीच्या वेळी चलन आलं असतं तर माझ्याच नावावर! गाडी टेस्ट ड्राइव्ह, प्रदर्शन, दुरुस्ती-रंगकाम किंवा गिऱ्हाइकाकडे नेण्यापुरतीच बाहेर काढता येते, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. पण मालक तोच म्हटल्यावर गाडी नावावर करून द्यायचा अधिकारही त्यालाच. म्हणून किंमत, कमिशन, मुदत आधी कागदावर घ्या, मगच 29सी.

तिथं तीन आठवड्यांत विकली.

हां, फास्टॅग काचेवरून काढूनच गाडी द्या. पहिल्याकडून टोलचे पैसे अजून यायचेत. परवा पार्क चौकात दिसला, लांबूनच हात हलवून गेला.